गुणगुणायची जागा

मोठा ग्रंथ दुकानात आला तेव्हा त्याच्यासोबत दोन पोलीस, तीन कॅमेरे आणि अर्धी गल्ली आली. बाइंडरनं साबण लावून दोनदा हात धुतले आणि मगच तो उचलला.

कोणीतरी मोठ्या प्रार्थनाघरात शिरून ग्रंथ व्यासपीठावरून खाली भिरकावला होता. पानं शाबूत होती, पण पुठ्ठा निखळून पाठ फाटली होती. चार दिवस शहर बंद होतं.

"तुमच्या आजोबांनी बांधलेला," प्रार्थनाघराचे सचिव भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले. फोटोत आजोबा हाच ग्रंथ दोन्ही हातांवर तोलून उभे होते. "दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको. रविवारी वाजतगाजत नेऊ."

"आणि ज्यानं हे केलं तो?"

"पुलापलीकडचाच असणार. दुसरं कोण?"

बाइंडरनं मान डोलावली. त्यालाही तसंच वाटत होतं. या ग्रंथातून गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकताना दर आठवड्याला त्याचे डोळे भरून यायचे. आता ग्रंथाची ही दशा त्याला बघवत नव्हती.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारा आत आला. पुलापलीकडच्या लहान प्रार्थनाघरात तो गायचा. छातीशी धरलेल्या टॉवेलात त्यांचं पुस्तक होतं. पानं फुगलेली, चिखलानं माखलेली, एकावर बुटाचा ठसा.

"हे कधी झालं?"

"तुमच्या आदल्या दिवशी. दार मोडलं, पुस्तकं गटारात टाकली. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, भिजलंय ना, मग वाळवा." म्हातारा हसला. "सल्ला काही चुकीचा नव्हता. वाळवलं."

"पेपरात तर काही आलं नाही."

"आलं की! हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली, दोन ओळी. कुत्र्याचा फोटोपण होता."

बाइंडरला हसू आलं नाही. "बाबा, आधी मोठा ग्रंथ. तुमचं नंतर बघू."

"नंतर नाही चालायचं, मालक. गुरुवारी माझा घसा कापणार आहेत. आवाज राहायचा नाही म्हणतात." त्यानं पुस्तक मधोमध उघडलं. "इथली चार पानं मुळातच नाहीत. माझ्या आजोबांच्या वेळी लोक आमच्यावर चालून आले होते, तेव्हा गेली. त्यातलं गाणं तोंडोतोंडी माझ्यापर्यंत आलं. चार कोरी पानं शिवून द्या, म्हणजे लिहून ठेवतो. माझ्यामागे कोणाला येत नाही."

"सगळं पाठ आहे?"

"एक ओळ सोडून. ती आजोबांपासूनच निसटलीय. तिथं आम्ही नुसतं गुणगुणतो. लोकांना वाटतं, वा, काय आलाप आहे!"

आणि तो तिथंच, स्टुलावर बसून, गायला लागला.

*दार ठेंगणं माझं, देवा, वाकून येशील का?*

पुढची ओळ नव्हती. तिच्या जागी नुसता सूर होता, अंधारात भिंत चाचपत चालल्यासारखा. बाइंडरच्या हातातलं दाभण थांबलं.

म्हातारा गेल्यावर आतून बायको आली. "अहो, द्या की करून. चार पानांना असा किती वेळ लागतो?"

"तुला काय कळतंय? मोठ्याची पाठ सोडवायची, आतलं जुनं अस्तर काढायचं..."

"अस्तर म्हणजे ती रद्दीच ना?"

"रद्दीच. केवढाही थोर ग्रंथ असो, पाठीला आतून रद्दी चिकटवावीच लागते. नाहीतर उभा राहत नाही."

बुधवारी तो पाठ उघडणार होता. पण कॅमेरेवाले पुन्हा आले. त्याला हात धुताना दाखवायचं होतं. त्यांनी सहा वेळा हात धुवायला लावले. दिवस तसाच गेला.

गुरुवारी दुपारी त्यानं पाठीवर ओलं फडकं ठेवलं. जुनी खळ नरम झाली, चामडं सुटलं. मग आतून दाराला कडी लागली.

बायको ताट घेऊन आली. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. त्याचे डोळे लाल होते.

"म्हाताऱ्याला ऑपरेशनला नेलं असेल का गं?"

"कुणाला? त्या गाणाऱ्या बाबांना? सकाळीच नेलं असणार. का?"

"काही नाही. अस्तर फार घट्ट बसलंय."

तिनं आत डोकावलं. आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवून पालथा ठेवलेला होता.

"धूळ बसली होती," तो म्हणाला.

"कालच पुसलाय मी."

त्यानं दार लावून घेतलं.

रविवारी मिरवणुकीत पहिल्या रांगेत त्याची खुर्ची होती. ती रिकामीच राहिली. टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन तो इस्पितळात गेला.

म्हाताऱ्याच्या गळ्याला पट्टी होती, उशाशी पाटी, खडू आणि पेन. वॉर्डातल्या टीव्हीवर ढोल वाजत होते. बाइंडरनं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्यानं ते मधोमध उघडलं, पेनकडे हात नेला आणि थांबला.

पानं कोरी नव्हती. चार जुनी, पिवळी पानं तिथं शिवलेली होती. कडा कातरलेल्या, अक्षरांवर वाळलेल्या खळीचे कण, आणि दाबूनही न गेलेला एक गोल बाक. म्हाताऱ्याचं बोट ओळीओळीनं खाली सरकत गेलं आणि गुणगुणायच्या जागी येऊन थबकलं.

*दिवा विझला माझा, देवा, आवाज ओळखशील का?*

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यानं पुन्हा ओठ हलवले. मग पाटी ओढून लिहिलं: "कुठं होती?"

नर्सनं टीव्हीचा आवाज वाढवला. निवेदिका सांगत होती, शंभर वर्षांत पहिल्यांदाच एका पवित्र ग्रंथावर हात टाकला गेला. पडद्यावर माणसं रांगेनं पुढं येऊन मोठ्या ग्रंथाच्या पाठीवर डोकं टेकवत होती.

बाइंडरनं हात वर केला आणि त्या पाठीकडे बोट दाखवलं.