घाण्याचा गोलेम

शनिवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, शब्बाथला, हासाजी तेल्याने बैल सोडला आणि घाण्याला गोलेम जुंपला. खाडीचा गाळ थापून, कानात देवाचं नाव सांगून त्याने तो मातीचा माणूस उभा केला होता. त्याच्या अंगाच्या कुजक्या कालवांच्या वासाने बायकोने नाकाला पदर लावला.

"शब्बाथ आपण पाळायचा," हासाजी हसला. "याला कसला विसावा? तोंडच ठेवलं नाही मी, कुरकुरणार कुठून!"

ती घाण्यापाशी गेली. फिरून फिरून गोलेमची पावलं झिजली होती, तरी तो घोट्यांवर चालतच होता. तिने नाकावरचा पदर काढला; वासापेक्षा नवऱ्याचं हसणं तिला जास्त घाण वाटलं.

तिने जू सोडलं. "बस रे राजा." तो बसला. बोटाने तिने त्याच्या चेहऱ्यावर तोंड कोरलं आणि हाक मारली, "अहो, आता विचारा याला, शब्बाथ कुणाचा ते."