बेटाचा तक्ता

“बोटीला कठडा असतो का गं?” आईने विचारलं.

ताईने हातातलं पेन टेबलावर आपटलं. बेटावरच्या चार दिवसांचा तक्ता तिने तिसऱ्यांदा नव्याने काढला होता, आणि आईचा हा त्या संध्याकाळचा सहावा प्रश्न होता.

“असतो. कमरेएवढा.”

“आणि चढायला शिडी, की फळी?”

“फळी. हात धरायला माणूस असतो. आई, तुला यायचं आहे की नाही, ते एकदाचं सांगून टाक.”

“विचारलं नुसतं,” आई म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

ताई बस आगारात कामाला होती. सव्वाशे चालक नि तेवढेच वाहक, त्यांच्या ड्यूट्या ती लावायची. कुणाची रजा, कुणाचं दुखणं, कुणाचं कुणाशी वाकडं, सगळं सांभाळून तिचा तक्ता कधी चुकला नव्हता. आणि इथे घरची चार-पाच डोकी एका बोटीत बसवताना तिच्या नाकी नऊ आले होते.

गोष्ट एवढीशी होती. आईला सत्तरावं लागलं होतं आणि तिच्या पायाला अजून समुद्राचं पाणी लागलं नव्हतं. वडील दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की नेतो. म्हणता म्हणता तेच निघून गेले. ताईने मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी यंदा आईला न्यायचंच.

पण भावांनी नन्नाचा पाढा लावला. मधल्याला तारीख चालायची तेव्हा धाकट्याला चालायची नाही. धाकट्याची जुळली, की मधल्याच्या बायकोला बोट लागायची, तीही नुसतं नाव ऐकून.

“माडांखालच्या झोपड्या नकोत हं,” मधला म्हणाला. “मला ऑफिसच्या कामाला टेबल लागेल.”

“अरे, चार दिवस! समुद्र बघायला जायचंय की टेबल बघायला?”

“तू चिडतेस कशाला?” धाकटा म्हणाला. “डोकं थंड ठेव. आणि हो, त्या शनिवारी माझी मॅच आहे.”

या दोघांना आगारात आणून महिनाभर पहाटे चारची ड्यूटी लावावी, असं ताईला फार वाटलं.

भावांचं एक वेळ ठीक, ते पहिल्यापासून तसलेच. पण आईनेही फाटे फोडावेत, हे तिला जास्त लागलं. ताई आईकडे आली रे आली, की आईचं सुरू. खोली तळमजल्यावर आहे का? न्हाणीघरात घसरायला होतं का? जेवण तिखट असतं का? एका खोलीत एकच माणूस राहिला तर चालतं का? म्हणजे हिला माझ्या खोलीतही झोपायचं नाही, ताई मनात म्हणाली आणि जास्तच चिडली.

आईने छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली होती. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची, समोरच्याकडून परत वदवून घ्यायची आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून ठेवायची, ही तिची तेव्हापासूनची खोड. सर्जनसुद्धा वैतागायचे म्हणे.

“ते घंटेचं काय म्हणालीस?”

“ओहोटी लागली की समोरच्या छोट्या बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. चालायला धोका नाही असं झालं, की रिसॉर्टवाले घंटा वाजवतात.”

“किती वेळा?”

“तीनदा. कालच सांगितलं तुला.”

“आणि पाणी?”

“घोट्याएवढं! आई, तुझं मन नाहीये ना? मग सरळ सांग की. मी कुणासाठी मरमर करतेय?”

आईने पान उलटून ‘घोटा’ असं लिहिलं. “या तक्त्याची एक प्रत मला दे,” ती म्हणाली. “अक्षर मोठं काढ. आणि तुझी ती चाकांची बॅग राहू दे इथेच. बघते काय काय मावतंय.”

तेवढ्याने ताईला पुन्हा हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी तिने मोठ्या अक्षरात प्रत काढून दिली. बोटीच्या वेळा, तळमजल्यावरच्या खोल्यांचे नंबर, रिसॉर्टचा फोन, सगळं.

पुढच्या आठवड्यात मधल्याने कळवलं, रजा नामंजूर. धाकट्याने कळवलं, मधला नाही तर तोही नाही, एकट्याने सगळ्यांचं सामान कोण उचलणार? ताईने दोघांनाही तोंडाला येईल ते ऐकवलं, फोन ठेवला आणि आगाराच्या खोलीत बसून घळाघळा रडली. तेवढ्यात साहेबांनी दारातून डोकावून सांगितलं, की दोन चालक आजारी पडलेत, या महिन्यात तुमचीही रजा जमायची नाही.

आईला हे सांगायचा धीर व्हायला तिला तीन दिवस लागले. समोर जाऊन सांगायला तोंड नव्हतं. बुधवारी संध्याकाळी काम सुटल्यावर तिने आईच्या मोबाइलवर फोन लावला.

“आई, बेटाचं रद्द केलं. कुणाचंच जमत नाहीये.”

“बरं.”

“बरं काय? रागव तरी माझ्यावर.”

“कशाला रागवू? तू केलंस की सगळं. तुझा तक्ता कधी चुकतो का?”

फोनमध्ये नुसतं घोंघावत होतं. “पंखा केवढा मोठा ठेवलायस? नीट ऐकू येत नाहीये.”

“वारा छान आहे,” आई म्हणाली. “तू काही खाल्लंस का?”

“खाण्याचं सोड. आई, पुढच्या वर्षी नक्की नेते तुला. शप्पथ.”

तेवढ्यात आईच्या मागे कुठेतरी लांब एक घंटा वाजली. जरा थांबून आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा.

“ठेवते गं आता,” आई म्हणाली. “चपला काढून हातात घ्यायच्यात.”