तीन नंबर बंदच होता

नवा कायदा आला आणि चार्जिंग स्टेशनवरचं कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, हे सगळ्यांना मोबाइलवर दिसू लागलं. तिथली झाडूवाली मात्र तीन नंबरच बघत बसे.

त्याच मशीनचा शॉक लागून तिचा नवरा गेला होता. "तीन नंबर बंदच होता," असं स्टेशनच्या साहेबांनी चौकशीत ठणकावून सांगितलं. मग मशीन उपटलं आणि खड्डा सिमेंटने बुजवला.

मोबाइलवर मात्र तीन नंबर रोज दिसे : चालू. गाडी लागलेली आहे.

आज भर दुपारी साहेब आले. गाडी नेमकी त्या सिमेंटवर लावून काच जराशी खाली केली.

"वहिनी, लोक तक्रारी करतात. इथे आहे का काही?"

"उपटलंत तुम्ही, आणि विचारता मला?"

"अहो, माहितीची चूक आहे ती. दुसरं काय..."

ते बोलता बोलता थांबले. गाडीला वायर नव्हती, तरी पुढच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : चार्जिंग सुरू. त्यांनी दार ढकललं. उघडेना.

"वहिनी, बंद करा! मशीन बंद करा!"

तिने झाडू भिंतीला टेकवला.

"बंदच आहे की, साहेब."