दुरुस्तीला गेलेला कान

काय बोलावं ते कानात सुचवणारं निरंजनचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. संध्याकाळच्या चहाला तो आपल्या मनानं बोलत होता.

“भाऊबीजेला तुझा भाऊ येणार ना गं?”

हेमांगीचा कप बशीवर वाजला. भाऊ विहिरीत बुडून गेल्याचं तिनं लग्नाआधी याला रडत रडत सांगितलं होतं. “म्हणजे तू चंद्राला ओवाळतेस,” तो तेव्हा हळूच म्हणाला होता, आणि तिनं लग्नाला होकार दिला होता. शब्द यंत्रानं सुचवले असतील, पण ऐकलं तर यानंच, असं तिनं धरलं होतं.

“येतो की दरवर्षी,” ती म्हणाली. “गच्चीवर.”

“गच्चीवर कशाला? घरात बोलव. जेवायला काय आवडतं त्याला?”

“यंत्र आलं की त्यालाच विचार. त्याला सांगितलंय मी सगळं.”