पिवळं घर

गल्लीतली सगळी घरं राखाडी, मधलं एकटं पिवळंधमक. लोक नाकं मुरडायचे. त्या घरात राहणारे म्हातारे रंगारीही बायकोला म्हणायचे, "अगं, शेजारपाजार बघून तरी रंग निवडायचा! माझ्या हातून असलं काम करून घेतलंस." ती नुसती हसायची.

ती गेली. वर्षभराने रंगाऱ्यांनी स्वतःच घर राखाडी केलं. "आता कशी गल्ली शोभते!" लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन परतताना त्यांनी तीन परक्या दारांना किल्ली लावून पाहिली. शेवटी शेजारणीने हाताला धरून त्यांना घरी आणलं.



"भाऊजी, वहिनींना पिवळा आवडायचाच नाही. तुम्ही घर चुकायला लागलात, म्हणून त्यांनी तो लावून घेतला होता."