सातच नावं

"हे चर्च पहिल्या सात कोळी कुटुंबांनी बांधलं," रविवारी फादरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

जाळी विणणारी मावशी ताडकन उठली. "आठ! माझ्या पणजोबांनी होडीतून दगड आणले. पाया खणताना माती ढासळून ते इथंच गाडले गेले. कुणी बाहेरसुद्धा काढलं नाही!"

"मावशी, बसा. जुन्या वहीत सातच नावं आहेत."

"वही लिहिली कुणी? ज्याच्या होडीवर ते राबले, त्या मालकानंच ना?" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं फरशीवर टाच आपटली.

खालून तसाच ठोका आला.

सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं. मावशीचा राग मात्र उतरला नव्हता. "आता तरी लिहिता का नाव?"

"पुरावा आणा," फादर कसेबसे म्हणाले.

ठोके बाकांखालून एकेक फरशी ओलांडत त्यांच्या पायांपाशी आले. फादरांनी घाबरून पाय उचलला. खालची फरशीही पायाबरोबर वर आली.