कॅप्टनचा पेला

विनोदी अ‍ॅनिमे मालिकेतल्या अवकाशयानावरच्या दोन वेंधळ्यांना पंधरा वर्षं एक नवराबायको मराठीत आवाज देत होते. तो कॅप्टन, ती खाष्ट स्वयंपाकीण आणि दर भागात कडाक्याचं भांडण. मग अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली. आज स्टुडिओत त्याला बोलणं जमलं नाही, तर कॅप्टनचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि तो दुसरा बाहेर येऊन बसलाही होता. हेल्मेटमधला आवाज यावा म्हणून नेहमीचा स्टीलचा पेला तिनं त्याच्या तोंडाशी धरला. तीनदा नुसता श्वास आला. “काकू, पुरे आता,” रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला. स्क्रिप्ट भिरकावून ती स्वयंपाकिणीच्या आवाजात कडाडली, “यान फुटतंय आणि तुम्ही ढिम्म? तुमच्यापेक्षा माझा कुकर बरा, शिट्टी तरी देतो!” पेला घुमला, “गप... बस... भवाने!” “हेच ठेवतो! काकू, आता तुमचं वाक्य!” रेकॉर्डिस्ट ओरडला. तिनं डोळे पुसत तोच पेला स्वतःच्या तोंडाशी धरला. नुसता श्वास आला.